प्रभू येणार, मग मुलीची फी भरायची की नाही?

पत्र थोडक्यात असं:

"सलाम बाई. श्रीरामपूर तालुक्यातून लिहिते आहे. यजमान दूध संकलन केंद्रावर कामाला आहेत. दोन वर्षांपासून ते आपल्या जुन्या मंडळीत (चर्चमध्ये) न येता एका फेलोशिपला, म्हणजे नव्या प्रार्थना-गटाला, जातात. तिथले ब्रदर सांगतात की सगळी चिन्हं पूर्ण झाली, येत्या कर्ण्यांच्या सणापर्यंत (शास्त्रातला ज्यू लोकांचा सण) प्रभू येऊन विश्वासणाऱ्यांची मंडळी वर स्वर्गात घेतली जाणार. आमची मुलगी बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागलाय. तिच्यासाठी पतसंस्थेत दोन लाखांची ठेव आहे. ती मोडून प्रभूच्या कामात बी पेरू, म्हणजे फेलोशिपला देऊ, असं यांचं म्हणणं. प्रभू आल्यावर नर्सिंगचं काय करायचं, म्हणतात. रेशनच्या मशीनवर अंगठा द्यायचा नाही, ती श्वापदाची खूण आहे, म्हणून धान्यही आणलेलं नाही. मुलगा नऊ वर्षांचा आहे. परवा मी दळण आणायला गेले होते. तो शाळेतून आला तर दार उघडं, घरात कोणी नाही. 'तुम्ही सगळे वर गेलात आणि मी राहिलो' असं म्हणत रडत शेजारी गेला. मी काही बोलले की हे म्हणतात, तू लोटाची बायको आहेस. माझा विश्वास खरंच कमी आहे का? एक मात्र खरं सांगते, तिकडे जायला लागल्यापासून यांची दारू सुटली."

प्रिय ताई, सलाम.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. ते तुम्ही तळाशी घाईघाईत लिहिलंय, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दारू सुटली. याची किंमत ज्या घरात ती होती त्याच घराला कळते. म्हणून मी पुढे जे लिहिणार आहे ते यजमानांच्या विश्वासाविरुद्ध नाही, आणि त्या फेलोशिपमधल्या सगळ्याच गोष्टींविरुद्धही नाही. त्यांना तिथे प्रभू भेटला असेल, मी नाही कशाला म्हणू? माझं भांडण आहे ते एका तारखेशी आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या पावतीपुस्तकाशी.

आधी लोटाच्या बायकोचं मिटवू. "लोटाच्या बायकोची आठवण करा" हे प्रभूचंच बोलणं आहे, लूकच्या सतराव्या अध्यायातलं. यजमानांना म्हणावं, तिथेच थांबू नका, आणखी दोन-तीन वचनं पुढे वाचा. दोघी जणी मिळून दळत असतील, एक घेतली जाईल, दुसरी ठेवली जाईल. मत्तयात हिच्या जोडीला शेतातले दोघे आहेत. आता मला सांगा, जी घेतली गेली ती त्या घटकेला काय करत होती? दळतच होती की! जात्याशी बसलेली, हात पिठाने माखलेले. तिने दळण टाकून डोंगरावर जाऊन बसावं असं प्रभूने कुठेही म्हटलेलं नाही. दोघींचं काम एकच होतं, फरक होता तो आत. सदोम नगराचा नाश होत असताना लोटाच्या बायकोने मागे वळून पाहिलं, कारण तिचा जीव तिथे अडकला होता. मुलीच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे म्हणजे सदोम नव्हे. तेव्हा नाही ताई, तुमचा विश्वास कमी आहे असं मला या पत्रावरून तरी दिसत नाही.

आता तारीख. त्या दिवसाविषयी नि घटकेविषयी कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, असं प्रभू स्वतः म्हणाला (मार्क 13:32). पुनरुत्थानानंतर शिष्यांनी पुन्हा तोच प्रश्न काढला तेव्हा त्याने सांगितलं, ते काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही. जे पुत्राने स्वतःकडे घेतलं नाही ते एखाद्या ब्रदरकडे कुठून आलं, एवढं विचारायला फार शास्त्र शिकावं लागत नाही. "आम्ही दिवस सांगत नाही, फक्त हंगाम सांगतो" ही पळवाट मी पुष्कळदा ऐकली आहे. सणाचं नाव घेतलं की दिवस सांगितलाच.

आणि हे काही आजचं नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या एका बाप्टिस्ट शेतकऱ्याने दानिएलाच्या पुस्तकावरून हिशेब मांडला. त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. हजारो लोक वाट बघत बसले. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही, काहींनी दुकानं बंद केली. तेविसाव्याची सकाळ नेहमीसारखी उजाडली. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. त्याच सुमारास, त्याच न्यू इंग्लंडच्या भागातून आलेली, त्याच प्रभूच्या येण्यावर विश्वास ठेवणारी माणसं आपल्या नगरला मुलींच्या शाळा चालवत होती. 1842 साली त्यांनी 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक सुरू केलं. आपल्या आज्या-पणज्यांना अक्षर मिळालं ते या दुसऱ्या लोकांमुळे. त्यांनीही जर पेट्या बांधून डोंगर गाठला असता तर तुम्ही मला हे पत्र लिहिलं असतं का, कोण जाणे.

2025 च्या सप्टेंबरातही हेच झालं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाने 23-24 तारीख दिली, तीही याच कर्ण्यांच्या सणाची. ती मोबाईलवरून जगभर फिरली आणि गेली. पण तुमच्या घरच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळची गोष्ट दक्षिण कोरियाची आहे. तिथल्या दामी मिशनने 28 ऑक्टोबर 1992 ची मध्यरात्र सांगितली होती. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली, पैसा मिशनला दिला. त्याआधीच सप्टेंबरात त्यांच्या पाळकाला फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे त्याला शिक्षाही झाली. तपासात काय निघालं माहीत आहे? लोकांच्या पैशांतून त्याने रोखे घेतले होते, आणि त्यांची मुदत त्या तारखेच्या नंतर संपत होती.

तुमच्या ब्रदरवर मी असला आरोप करत नाही. मी त्यांना ओळखत नाही, ते अगदी प्रामाणिक असतील. पण प्रामाणिक माणसाला एक साधा प्रश्न विचारला तर राग येऊ नये: ब्रदर, तुमच्या गाडीचे हप्ते, तुमच्या मुलांच्या फीया, हॉलच्या जागेचा करार, हे सगळं सणानंतर कसं करणार आहात? जो दुसऱ्याला ठेव मोडायला सांगतो त्याने स्वतःच्या ठेवीचं काय केलं हे मंडळीसमोर सांगायला हरकत नसावी.

आता प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेली दोन पत्रं. हा माझा मुख्य मुद्दा आहे, तेव्हा जरा बसून वाचा. पहिलं पत्र नव्या करारातल्या अगदी जुन्या लिखाणांपैकी, साधारण 50-51 सालचं. प्रभू वर गेल्याला अजून पुरती पंचवीस वर्षंही झालेली नव्हती. पौल तिथे थोडे दिवस राहिला, विरोध झाला, रातोरात निघावं लागलं. मागे राहिलेली मंडळी नवीकोरी होती आणि प्रभू आज येईल की उद्या या वाटेवर डोळे लावून होती. तेवढ्यात त्यांच्यातले काही जण वारले. मग घरोघरी एकच काळजी सुरू झाली, की आपली ही माणसं आता मुकली का? प्रभू आल्यावर ती कुठे असतील? त्या रडणाऱ्या घरांसाठी पौलाने चौथा अध्याय लिहिला: ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील, मग जिवंत उरलेले आपण त्यांच्यासह मेघांवर घेतले जाऊ. शेवटी काय सांगतो? या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा.

कबरस्तानात पाळक हेच वाचतात, तुम्ही कितीतरी वेळा ऐकलं असेल. ज्या वचनाने मातीवर उभ्या असलेल्या माणसाला धीर द्यायचा, त्याच वचनाने नऊ वर्षांचं पोर दारात उभं राहून रडत असेल, तर ते वचन उलटं धरलं गेलंय. याहून मोठा पुरावा मला लागत नाही.

आणि त्याच अध्यायात, या वर घेतल्या जाण्याच्या वचनांच्या अगदी थोडं आधी पौल म्हणतो: शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा, म्हणजे बाहेरच्या लोकांपुढे तुमचं वागणं नीट दिसेल आणि तुम्हाला कशाची गरज पडणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत. यजमानांच्या शास्त्रात त्यांनी एकीवर लाल रेघ मारली असेल, दुसरी कोरी राहिली असेल. बघा एकदा.

तरीही तिथे गडबड झालीच. दुसऱ्या पत्रावरून कळतं की प्रभूचा दिवस येऊन ठेपला अशी आवई उठली होती, आणि त्यासाठी पौलाच्या नावाचं पत्रसुद्धा पुढे केलं जात होतं. म्हणजे फॉरवर्ड केलेले मेसेज तेव्हाही होते. काही लोक काम न करता इकडेतिकडे लुडबुड करत फिरत होते. पौल त्यांना स्पष्ट सांगतो, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. हे सांगणारा कोण, तर स्वतः रात्रंदिवस हातांनी काम करणारा, तंबू शिवणारा माणूस. प्रभू आपल्या हयातीत येईल अशी आशा त्यालाही होती, "जिवंत उरलेले आपण" असंच तो लिहितो. आणि तरी सुई-दोरा त्याने खाली ठेवला नाही.

रेशनच्या अंगठ्याचं थोडक्यात सांगते. प्रकटीकरण या नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात ती खूण येते ती श्वापदाला नमन करणाऱ्यांवर. योहान हे आसियातल्या सात मंडळ्यांना लिहीत होता. तिथे पेर्गम, इफिस, स्मुर्णा या शहरांत रोमच्या बादशहाची देवळं होती, आणि त्याच्यापुढे धूप जाळायचा की ख्रिस्ताला धरून राहायचं हा रोजचा प्रश्न होता. त्या खुणेचा 666 हा आकडा नीरो या रोमच्या बादशहाच्या नावाचा असावा असं पुष्कळ अभ्यासक मानतात. काही जुन्या हस्तलिखितांत तर तो 616 आहे. अंगठा देऊन गहू-तांदूळ घेताना तुम्ही कोणाला नमन करता? दुकानदाराला? बारकोड आला तेव्हा तीच खूण म्हणाले, करोनाची लस आली तेव्हाही म्हणाले. आणि तेरावा अध्याय संपला की लगेच चौदाव्याच्या पहिल्याच वचनात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं आहे. ते नाव कोणाला आरशात दिसत नाही. ती खूण माणूस कोणाचा आहे हे सांगते. तशीच हीसुद्धा. यजमानांना अंगठा द्यायचा नसेल तर नका भांडू. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या कोणाचाही अंगठा चालतो, तुम्ही जाऊन धान्य घेऊन या. लेकरांच्या ताटातलं धान्य या वादात अडकवू नका.

मुलाशी मात्र आज रात्रीच बोला. त्याला समजावताना "असं काही होणार नाही" म्हणू नका, कारण प्रभू येणार हे आपण दर रविवारी उभं राहून विश्वासांगीकारात म्हणतो आणि पोरं असल्या गोष्टी पकडतात. त्याला सांगा, प्रभू येशू लेकरांना हुसकावणाऱ्या शिष्यांवर रागावला होता, त्यांना जवळ घेतलं होतं. जो येणार आहे तो तोच. चोरून आईला घेऊन जाणारा कोणी दुसरा नाही. योहानाचा चौदावा अध्याय त्याला वाचून दाखवा: माझ्या पित्याच्या घरात पुष्कळ खोल्या आहेत, मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो. आणि एक साधी गोष्ट करा. बाहेर जाताना शेजारच्या काकूंना सांगून जा, दाराला चिठ्ठी लावा, "दळणाला गेलेय, डब्यात चिवडा आहे". धर्मशास्त्राइतकाच चिठ्ठीचाही उपयोग होतो. ते शेवटच्या काळाचे व्हिडिओ त्याच्यासमोर लावायचे नाहीत एवढं यजमानांकडून कबूल करून घ्या. हे मागण्याचा आईला हक्क आहे आणि यात माघार घेऊ नका.

आता तुम्हालाही थोडं बोलते, रागावू नका. तुमच्या पत्रात ठेव आहे, फी आहे, धान्य आहे. प्रभूची वाट तुम्ही स्वतः बघता का, याबद्दल एक ओळ नाही. दोष तुमचा एकटीचा नाही. आपल्या जुन्या मंडळ्यांनी हा विषय लग्नातल्या शालूसारखा ट्रंकेत घालून ठेवलाय. विश्वासांगीकारात म्हणायचं, आगमनाच्या रविवारी एखादं गीत गायचं, प्रभुभोजनात "तो येईपर्यंत" ऐकायचं आणि घरी जायचं. आमच्या उपदेशांत जागा नाही म्हटल्यावर माणसं यूट्यूबवर जाणार नाहीत तर काय करतील? यजमानांना जी भूक लागली ती खरी आहे, त्यांना वाढलं गेलं ते शिळं निघालं.

ही भूक आणि रोजचं काम एका घरात नांदू शकतात हे बघायला लांब जायला नको. दौंडजवळ केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली संजीवन, म्हणजे आत्मिक जागृतीची लाट, आलं. मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करत, पापं कबूल करत. त्याची बातमी देशोदेशी गेली. आजही फेलोशिपवाले अभिमानाने सांगतात की हिंदुस्थानातला अग्नी केडगावात पडला. यजमानांनाही हे माहीत असेल. त्यांना विचारा, त्या अग्नीनंतर रमाबाईंनी शाळा बंद केली का? दुष्काळातून आणलेल्या त्या मुली विणकाम शिकत होत्या, शेत बघत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. आणि रमाबाई स्वतः इब्री-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणायला बसल्या. 1922 साली त्या वारल्या तोवर त्यांचा हात त्याच कामात होता. ज्या बाईला वाटतं की आता सगळं संपणारच आहे, ती शेवटच्या वर्षांत भाषांतराची प्रुफं कशाला तपासेल?

पेत्राच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात लिहिलंय, सर्वांचा शेवट जवळ आला आहे. त्याच्यापुढे लगेच "म्हणून" येतं. म्हणून काय? तर शुद्धीवर राहा, प्रार्थना करा, एकमेकांवर मनापासून प्रीती करा, कुरकुर न करता पाहुणचार करा, ज्याला जे दान मिळालंय त्याने दुसऱ्याची सेवा करा. यात नर्सिंग बसत नाही असं कोणाला वाटत असेल तर त्याने कधी सरकारी दवाखान्यात रात्र काढली नसावी. मत्तयाच्या पंचविसाव्यात राजा न्यायाला बसतो तेव्हा "मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात" असं म्हणतो. सणाची तारीख बरोबर ओळखलीत का, असं तो कोणालाच विचारत नाही. तुमची मुलगी नेमकी तेच काम शिकायला निघाली आहे. तिच्या फीचे पैसे प्रभूच्याच कामात पडताहेत, फक्त मधे पावतीपुस्तक नाही.

पैशाबद्दल व्यवहाराचं. ठेव कोणाच्या नावावर आहे ते आधी पावती काढून बघा. दोघांच्या नावावर असेल तर मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या लागतात का हे पतसंस्थेत जाऊन विचारा, आणि लागत असतील तर सही करू नका. याला नवऱ्याची अवज्ञा म्हणत नाहीत. एकट्या यजमानांच्या नावावर असेल तर त्यांच्याकडून एवढंच मागा की पहिल्या वर्षाची फी आत्ता कॉलेजात भरायची, उरलेल्याचं सणानंतर ठरवू. प्रभू सणाला आला तर त्या पैशाला कोण विचारतंय, आणि नाही आला तर पोरगी दुसऱ्या वर्षाला जाईल. यात ते हरत नाहीत, म्हणून कदाचित ऐकतील. त्यांना द्यायचंच असेल तर पगारातला दशांश खुशाल द्यावा, त्याला तुम्ही आडव्या येऊ नका. मुलीच्या नावाने साठवलेलं मात्र दान म्हणून देता येत नाही. देवाला वाहिलं म्हणून आईबापांचं देणं टाळणाऱ्यांना प्रभूने काय सुनावलं ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे, लेकरांनाही ते लागू करायला मला संकोच वाटत नाही.

बोलायची वेळ सांभाळा. फेलोशिपवरून आल्या आल्या नको, तेव्हा माणूस भरलेला असतो. सकाळच्या दुधाची पाळी उरकून ते चहाला बसले की काढा. "तुमचे ब्रदर खोटारडे आहेत" ने सुरुवात केलीत तर गोष्ट तिथेच संपली. "दारू सुटली याबद्दल मी रोज देवाचे उपकार मानते" हे आधी म्हणा. कदाचित हे तुम्ही त्यांना कधी तोंडावर म्हटलंच नसेल. मग थेस्सलनीकाकरांची दोन्ही पत्रं एका बैठकीत मोठ्याने वाचा, एक अध्याय त्यांनी, एक तुम्ही. दोन्ही मिळून अवघे आठ अध्याय आहेत. मधे कोणी भाष्य करायचं नाही.

आणि पुढच्या रविवारी तुम्ही त्यांच्याबरोबर फेलोशिपला जा. दारातून बघून नावं ठेवण्यापेक्षा आत बसून ऐकलेलं बरं, आणि तुम्ही आलात याचं यजमानांना बरंही वाटेल. सभा संपली की यजमान शेजारी उभे असताना ब्रदरना नमस्कार करा आणि मुलीच्या अॅडमिशनचं सांगा. म्हणा, "ब्रदर, दोन लाख तिच्या फीसाठी ठेवलेत. ते तुम्हाला द्यायचे असं यांच्या मनात आहे. तुम्ही घ्याल का?" पुढे काही बोलू नका. त्यांनी "नाही, आधी मुलीला शिकवा" म्हटलं तर तुमचा प्रश्न त्यांनीच सोडवला आणि माणूस भला आहे हेही कळलं. घेईन म्हणाले तर ते यजमानांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असेल. दोन्हीपैकी काय झालं ते मला कळवा, आणि मुलीचं अॅडमिशन कोणत्या तारखेपर्यंत पक्कं करायचंय तेही लिहा.